गोठणगावच्या पोराने कुणाची जर्सी घालावी?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, झाडीपट्टीच्या ऐन मध्यात, अर्जुनी मोरगाव तालुका आहे. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, त्याच्या जवळचं गोठणगाव आणि महाशिवरात्रीला यात्रेने फुलून जाणारं प्रतापगड ही या भागाची ओळख. याच परिसरात १९७२ पासून एक वेगळीच वस्ती नांदते आहे. तिबेटी लोक तिला नॉर्गेलिंग म्हणतात, आसपासचे गावकरी नुसतं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. महाराष्ट्रातली निर्वासित तिबेटींची ही एकमेव अधिकृत वसाहत. १ मे १९९९ ला भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, पण धरमशाळेतल्या तिबेटी प्रशासनाच्या बोलण्यात ही वस्ती अजूनही ‘भंडारा’च आहे.

हजाराच्या आसपास वस्ती. पावसाळ्यात धानाची शेती, दिवाळी सरली की स्वेटर-शालींचे गठ्ठे बांधून शहरांकडे प्रयाण. नागपूरकरांना थंडीची चाहूल लागते ती तिबेटी स्वेटर बाजाराचे तंबू पडले की. अशाच वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोडला आहेत, शेजारच्या छत्तीसगडात मैनपाटला आहेत, उत्तरेत तर ठिकठिकाणी आहेत. या सगळ्यांना जोडणाऱ्या धाग्यांत गोंपा आणि प्रार्थनापताका तर आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक धागा आहे, ज्याचा विचार बाहेरच्यांच्या मनात चटकन येत नाही. तो म्हणजे फुटबॉल.

तिबेटी पोरं फुटबॉलवेडी असतात. भूतानी लामा-दिग्दर्शक ख्येंत्से नोर्बू यांनी १९९९ मध्ये ‘द कप’ नावाचा सिनेमा काढला. हिमाचलमधल्या बीर इथल्या मठातले बालभिक्षू १९९८ चा विश्वचषक टीव्हीवर पाहायला मिळावा म्हणून काय काय उचापती करतात, त्याची ती गोष्ट. पडद्यावरचे बहुतेक भिक्षू खरेच त्या मठातले होते. दलाई लामांच्या मातोश्री १९८१ मध्ये वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ ‘ग्यालयुम चेन्मो’ सुवर्णचषक सुरू झाला आणि भारत-नेपाळमधल्या तिबेटी वसाहतींचे संघ त्यात एकमेकांशी भिडू लागले. तिबेटच्या ‘राष्ट्रीय’ संघाचे खेळाडू हेरले जातात ते प्रामुख्याने याच स्पर्धेत.

राष्ट्रीय या शब्दाला अवतरणचिन्हं लावावी लागतात, कारण जागतिक फुटबॉल चालवणाऱ्या फिफाच्या यादीत तिबेट नावाचा देशच नाही. आता समजा, अशा वसाहतीत जन्मलेलं एखादं पोरगं खरोखर चांगलं खेळायला लागलं. वीस वर्षांचं, डाव्या पायाने झकास पास देणारं, शाळेत मराठी-हिंदी शिकलेलं, घरी तिबेटी बोलणारं. त्याने कुणाची जर्सी घालावी? भारताची, तिबेटची, की दोन्ही?

जगभरात सध्या या प्रश्नाची मोठी चलती आहे. युरोपात एका देशात जन्मलेले आणि आईबापांमुळे दुसऱ्या देशाचेही नागरिक असलेले शेकडो व्यावसायिक फुटबॉलपटू आहेत. १७-१८ व्या वर्षी त्यांच्या दारात दोन-दोन देशांचे निवडकर्ते येऊन उभे राहतात. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली, तेव्हा त्यांच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेर झालेला होता. अशरफ हकिमी माद्रिदचा, हकिम झियेश नेदरलँड्सचा. त्याच हकिमीने स्पेनविरुद्धची शेवटची पेनल्टी अलगद चिप करून मारली आणि ज्या देशात तो जन्मला त्यालाच घरी पाठवलं.

कधी ही विभागणी एकाच घरात होते. जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि त्याचा सावत्र भाऊ केव्हिन-प्रिन्स घानाकडून, असे दोघे २०१० च्या विश्वचषकात समोरासमोर आले. २०१६ च्या युरो स्पर्धेत ग्रानित झाका स्वित्झर्लंडचा आणि थोरला भाऊ तौलांत अल्बानियाचा. त्यांच्या आईने दोन्ही जर्सी अर्ध्या अर्ध्या जोडून शिवलेला टी-शर्ट घातला होता. विल्यम्स बंधूंपैकी इनाकी घानाकडे गेला, निको स्पेनकडे.

पूर्वी याबाबत फारसे नियम नव्हते. लुईस मोंती १९३० ची विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून. हंगेरीचा महान पुश्काश १९६२ च्या विश्वचषकात स्पेनच्या जर्सीत दिसला. पुढे फिफाने दोर आवळला आणि एकदा अधिकृत सामना खेळलात की कायमचे त्या देशाचे, असं ठरवलं. त्यात काही जण विनाकारण अडकले. मुनीर एल हद्दादी १९ वर्षांचा असताना, २०१४ मध्ये, स्पेनकडून एका पात्रता सामन्यात शेवटची काही मिनिटं मैदानात उतरला. तेवढ्यावरून मोरोक्कोचं दार त्याला सहा वर्षं बंद राहिलं.

सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला. २१ वर्षांचा होण्याआधी जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने, विश्वचषक वा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही नाही आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली, एवढं जुळलं तर देश एकदा बदलता येतो. मैत्रीपूर्ण सामने मोजलेच जात नाहीत. म्हणून तर डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन सामने खेळूनही २०१९ मध्ये इंग्लंडचा झाला.

थोडक्यात, बाकीच्या जगात प्रश्न मनाचा असतो. दोन्ही पासपोर्ट खिशात असतात, काळजाने कौल द्यायचा असतो. (काळजाच्या जोडीला एजंट आणि स्पर्धेतली संधीही कौल देतात, हा भाग वेगळा.) भारतात मात्र हा प्रश्न काळजापर्यंत पोहोचतच नाही. तो पासपोर्ट कार्यालयातच अडतो.

आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाचा अर्थ साधा आहे. भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीयत्व संपलं. परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, आणि २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवल्यापासून देशाकडून खेळताही येत नाही. टेनिसमधल्या प्रकाश अमृतराजला त्याचा पहिला फटका बसला. वडील विजय अमृतराज भारतीय टेनिसचं दैवत, पण मुलाचा पासपोर्ट अमेरिकी.

फुटबॉलमध्ये हा डोंगर पहिल्यांदा चढला तो आराता इझुमी. जपानमध्ये जन्मलेला, आई जपानी आणि वडील गुजराती. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून तो भारतात आला, मग मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आणि नंतर पुणे एफसीत रमला. बालेवाडीच्या मैदानावर त्याचा खेळ पाहिलेले पुणेकर आजही त्याची आठवण काढतात. जपानी पासपोर्ट सोडून त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं. कागदोपत्री त्याचं नावही नीलकंठ खंभोळजा झालं. २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. तेव्हा त्याने तिशी ओलांडलेली होती. जपानी पासपोर्टची जगभरातली पत पाहता, थोड्याफार सामन्यांसाठी एवढी किंमत मोजणाऱ्या माणसाला फुटबॉलवेडाच म्हणावं लागेल.

त्याच्यानंतर बारा वर्षं कुणी पुढे आलं नाही. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. पर्थला जन्मलेला, इंग्लंडमध्ये फुलम, पोर्ट्समथ आणि रॉदरहॅमकडून खेळलेला, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघातून २०१९ मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला, २०२३ पासून बंगळुरू एफसीचा विंगर. त्याचं भारताशी नातं थेट मुंबईशी जुळतं. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५६ मध्ये संतोष करंडकात बॉम्बेकडून खेळलेले.

१९५६ हे साल मुंबईच्या फुटबॉलला आणखी एका कारणाने लक्षात आहे. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईकर गोवन नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारताने ४-२ असा सामना जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. तेव्हा ऑस्ट्रेलियाला धूळ चारणाऱ्या भारताला आज ऑस्ट्रेलियाच्या संघाबाहेर राहिलेल्या खेळाडूची वाट पाहावी लागते. सत्तर वर्षांत आपल्या फुटबॉलचं काय झालं, हे सांगायला वेगळी आकडेवारी नको.

गोव्याचा किस्सा तर याहून नामी आहे. फॉर्च्युनातो फ्रँको १९३७ मध्ये कोलवाळ इथे जन्मला, म्हणजे कागदावर पोर्तुगीज मुलखात. लहानपणी तो मुंबईत आला आणि टाटा स्पोर्ट्स क्लबकडून नाव कमावलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात तो होता. त्या वेळी त्याच्या जन्मगावावर पोर्तुगालचा झेंडा फडकत होता. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. पुढच्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, त्यातही फ्रँको होता. आज गोव्यात प्रवाह उलटा वाहतो. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल आपलं मानतो, म्हणून हजारो गोवेकरांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून युरोपचा रस्ता धरला. एखाद्या गोवन फुटबॉलपटूने तो पासपोर्ट घेतला की भारतीय संघाचं दार त्याला बंद होतं आणि देशी लीगमध्येही तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यात जातो. रोनाल्डोच्या संघात जागा मिळण्याची शक्यता किती, हे सांगायची गरज नाही.

शेजाऱ्यांनी मात्र वेगळी वाट धरली. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीबरोबर एफए कप जिंकलेला हमझा चौधरी आईकडून बांगलादेशी. मार्च २०२५ मध्ये तो शिलाँगला बांगलादेशकडून भारताविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असं हरवलं. २००३ नंतर प्रथमच. बांगलादेशी संघात डेन्मार्कमध्ये जन्मलेला जमाल भुइयाँही आहे. या सगळ्याच्या आधी, २०१३ मध्ये, अफगाणिस्तानने युरोपात वाढलेल्या निर्वासितांच्या पोरांना हाताशी धरून काठमांडूत भारताकडून दक्षिण आशियाई अजिंक्यपद हिसकावलं होतं. साहजिकच इथे ओरड सुरू झाली की आपणही परदेशस्थ भारतीयांना दार उघडावं. त्यासाठी कायदा बदला, ओसीआयवाल्यांना खेळू द्या, पर्थपासून लंडनपर्यंत शोधमोहीम काढा.

या सगळ्या गदारोळात गोठणगावकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. पण द्विराष्ट्रीयत्वाचा सर्वांत गुंतागुंतीचा भारतीय नमुना इथेच, धानाच्या बांध्यांच्या कडेला आहे.

आधी कायदा पाहू. भारतात राहणाऱ्या तिबेटींकडे दोन कागद असतात. एक आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. ते परदेशी नागरिकांसाठीच्या कायद्याखाली मिळतं आणि ठरावीक मुदतीने पोलिसांकडून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. दुसरं आयसी, म्हणजे ओळख प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ती चालते, निदान चालायला हवी. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती पूर्वी कधी पाहिलेली नसली की प्रवासी तासन्‌तास खोळंबतो. एका कागदाने माणूस परदेशी ठरतो आणि दुसऱ्याने कुठल्याच देशाचा ठरत नाही.

पण कायद्याच्या पुस्तकात आणखी एक पान आहे. नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला कुणीही जन्माने भारतीय आहे. आईबाप कुठले, हे विचारायचं नाही. म्हणजे १९७३ मध्ये याच कॅम्पमध्ये जन्मलेली मुलगी गोंदियातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या मुलीइतकीच भारतीय. ही गोष्ट सरकारच्या गळी उतरवायला नामग्याल डोलकर या तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तसंच म्हटलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की हे लोक नागरिक आहेतच, त्यांना पासपोर्ट द्या. त्यांना नागरिकत्व ‘बहाल’ करण्याचा प्रश्नच येत नाही.

१ जुलै १९८७ ते ३ डिसेंबर २००४ दरम्यान जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. फुटबॉलच्या दृष्टीने नेमकी इथेच मेख आहे. १९८० साली जन्मलेल्या काकाचा हक्क वादातीत, पण काका आता खेळणार नाही. नुकती खेळायच्या वयात आलेली पोरं सगळ्यांत कडक चौकटीत येतात. त्यातही आई आणि वडील दोघे १९७५-८५ च्या दरम्यान भारतातल्या वसाहतींत जन्मलेले असतील, तर दोघेही नागरिक आणि म्हणून २००६ साली जन्मलेला त्यांचा मुलगाही सरळ नागरिक. आई गोठणगावची आणि बाप १९९० च्या दशकात हिमालय ओलांडून आलेला असेल, तर मात्र तोच मुलगा वकिलांच्या वादाचा विषय. दोघेही एकाच मैदानावर, एकाच बॉलमागे धावत असतात.

न्यायालयाच्या निकालानंतर २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचं दार उघडलं खरं, पण उंबरठ्यावर अटी ठेवल्या. आरसी आणि आयसी परत करा. तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडल्याचं लिहून द्या. आरसीधारक म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. आणि अधिकृत निर्वासित वसाहतीत राहू नका. शेवटची अट वाचून थबकायला होतं. आई त्याच वसाहतीत जन्मली म्हणून मुलगा भारतीय, आणि ते भारतीयत्व कागदावर उतरवायचं तर त्याच वसाहतीतून बाहेर पडायचं! इझुमीला जपानी पासपोर्ट सोडावा लागला, विल्यम्सला ऑस्ट्रेलियन. गोठणगावच्या पोराकडे सोडायला पासपोर्ट नाहीच, म्हणून त्याने घर सोडावं अशी ही अपेक्षा.

दुसऱ्या जर्सीचं काय? तिबेटच्या संघाचा पहिला गाजलेला सामना ३० जून २००१ ला कोपनहेगनमध्ये ग्रीनलंडविरुद्ध झाला. मायकेल नायब्रांट या डॅनिश तरुणाने तो जुळवून आणला. सामना होऊ नये म्हणून चीनने दबाव आणला, ग्रीनलंडची कोळंबी घेणं थांबवण्याची भाषा झाली. तरी सामना झाला. पाचेक हजार प्रेक्षक आले, तिबेट ४-१ ने हरला आणि हरूनही प्रेक्षकांची मनं जिंकून गेला. ‘द फॉरबिडन टीम’ नावाचा माहितीपट त्यावर निघाला. तिबेटच्या जर्सीवर बर्फाचे सिंह आणि उगवता सूर्य असलेला तो झेंडा असतो, जो ल्हासात फडकवला तर तुरुंगात जावं लागतं. अशा खेळाडूकडून फक्त चांगल्या पासची अपेक्षा ठेवता येत नाही, त्याच्या अंगावरचं कापडही काही बोलत असतं.

२००६ मध्ये हॅम्बुर्गला फिफाबाहेरच्या संघांची गमतीदार स्पर्धा झाली. तिथे तिबेट आणि जिब्राल्टर एकाच गटात होते. पुढे जिब्राल्टरने न्यायालयीन लढा देऊन २०१३ मध्ये युरोपीय संघटनेत आणि २०१६ मध्ये फिफात प्रवेश मिळवला. आज ते विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्यांत बड्या देशांकडून गोल खातात. तिबेटला ते सुखही नाही. कोसोव्हो, पॅलेस्टाइन, डेन्मार्कच्या छत्राखालचं फॅरो बेटांचं चिमुकलं राज्य, सगळे फिफात आहेत. ग्रीनलंडला मात्र २०२५ मध्ये उत्तर अमेरिकी संघटनेने नकार दिला. भूगोलापेक्षा राजकारण जड असतं, हे फुटबॉलनेही कधी लपवलेलं नाही.

अशा बिनदेशी संघांसाठी २०१३ मध्ये कोनिफा ही संघटना उभी राहिली. २०१८ मध्ये लंडनला तिच्या विश्वचषकात १६ संघ होते आणि तिबेट त्यांपैकी एक. दुर्दैव असं की तिबेटच्या गटातले उत्तर सायप्रस आणि कारपाताल्या हे दोन संघच पुढे अंतिम लढतीत पोहोचले. मुलींच्या संघाची परीक्षा तर मैदानावर उतरण्याआधीच झाली. २०१७ मध्ये डॅलसच्या स्पर्धेचं निमंत्रण हातात असताना अमेरिकी दूतावासाने त्यांना व्हिसा नाकारला.

आता यातली सगळ्यांत मजेशीर तरतूद. फिफाचे ‘एकदा खेळलात की बांधले गेलात’ हे नियम फिफाच्या सदस्य देशांच्या सामन्यांपुरते आहेत. कोनिफातले सामने फिफाच्या वहीत नोंदले जात नाहीत. त्यामुळे भारतीय नागरिकत्व असलेला तिबेटी खेळाडू तिबेटकडून दहा सामने खेळला तरी फिफाच्या लेखी तो कोरा करकरीत असतो. भारताने उद्या निवडलं तर तो बिनदिक्कत निळी जर्सी चढवू शकतो. तिबेटी प्रशासनाचीही आडकाठी नाही. त्यांच्या १९९१ च्या सनदेनुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस आपली कर्तव्यं पाळत असेल तर तिबेटीच राहतो. राइस किंवा मुनीर यांना जी सोय मिळाली नाही, ती इथे आपसूक मिळते. दोन्ही जर्सी घाला, कुणाचीच ना नाही. अडचण एकच, त्यातली पहिली जर्सी घालायला जो कागद लागतो तो मिळवायला घर सोडावं लागतं.

कुणी विचारेल, या लोकांची निष्ठा कुठे? त्याचं उत्तर फुटबॉलच्या बाहेर, लडाखमध्ये आहे. चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, भारताने स्पेशल फ्रंटियर फोर्स उभारला तो मुख्यतः तिबेटी जवानांचा. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँगजवळ सुरुंगस्फोटात याच दलाचा नीमा तेनझिन मरण पावला. त्याच्या शवपेटीवर भारताचा तिरंगा होता आणि तिबेटचा झेंडाही. तिथे दोन झेंड्यांची कुणाला अडचण झाली नाही.

व्यावहारिक बाजूही आहे. गोंदिया जिल्हा काही फुटबॉलचा बालेकिल्ला नाही. विदर्भात खेळाची खरी परंपरा नागपूर आणि कामठीची. अर्जुनी मोरगावच्या पोराला चांगला प्रशिक्षक, हिरवळीचं मैदान आणि वर्षभर चालणारी लीग मिळायची तर दीडशे किलोमीटर जावं लागतं, मग तो तिबेटी असो, गोंड असो की कुणबी. वसाहतीतल्या पोराचं एक मात्र बरं आहे. त्याला देशभरातल्या तिबेटी संघांशी खेळायला मिळतं, त्याच्या मराठी मित्राला तेही नाही. त्यामुळे नॉर्गेलिंगमधून उद्या भारताचा कर्णधार निघेल असा दावा कुणी करू नये. पण देशभरातल्या सगळ्या वसाहतींचा एकत्र विचार केला, तर कागदाअभावी निवड चाचणीपर्यंत न पोहोचणारी पोरं हा किरकोळ मुद्दा उरत नाही.

ओसीआयवाल्यांसाठी कायदा बदलावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. भारताकडून खेळायचं तर भारतीय व्हा, ही भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. इझुमी आणि विल्यम्स यांनी ती मान्य करून दाखवली. पण तिबेटी वसाहतींसाठी कायदा बदलण्याची गरजच नाही, तो आहे तसा पाळला तरी पुरे. वसाहतीत राहू नये ही २०१७ ची अट नागरिकत्व कायद्याच्या कुठल्याही कलमात नाही. ती एका कार्यालयीन सूचनेतून आली आणि तशाच दुसऱ्या सूचनेने जाऊ शकते. परराष्ट्र मंत्रालयाने ती काढावी. आणि भारतीय फुटबॉल महासंघाने पर्थ-लंडनच्या याद्या चाळण्याआधी पुढच्या ग्यालयुम चेन्मो स्पर्धेला आपला एखादा निवडकर्ता पाठवावा. सामने भारतातच होतात, व्हिसाही लागत नाही.